चुन्याची अंडी

हमीदाबीच्या ऐंशी तलंगांना अंडी फोडून खायला मी शिकवलं.

मुद्दाम नाही. मी शिकवायला गेलो होतो पेटीत बसून अंडं घालायला. त्या शिकल्या हे. नोकरीत मुद्दाम केलेल्या कामांचे अहवाल लिहावे लागतात, चुकून झालेल्या कामांचे कुणी मागत नाही. त्यामुळे हा एक अहवाल राहून गेला. आता निवृत्तीनंतर दुपारी पाय लांब करून बसलो, गुडघ्याला तेल चोळलं, की तोच आठवतो. बाकीच्या लसी, शिबिरं, मीटिंगा, फोटो सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. कुठलं गाव, कुठली म्हैस, काही वेगळं काढता येत नाही. नुसता थकवा तेवढा वेगळा काढता येतो.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे. पण लोहारा तालुक्यात पायात गमबूट आणि खांद्याला औषधांची बॅग दिसली की लोक डॉक्टर म्हणतात. मी कधी कुणाला अडवलं नाही. वय वाढलं तसं डॉक्टरचं आप्पा झालं, तेही चालवून घेतलं.

आमचं घर लिंगायत. मी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. आई होती तोवर मी कामावरून आलो की ती चुलीपासूनच ओरडायची, "मुट्टब्याड!" घरात ती कानडीच बोलायची, शिवू नको, एवढाच त्याचा अर्थ. मग मागच्या हौदावर अंघोळ, कपडे बाहेरच्या दोरीवर, आणि मग आत प्रवेश. लोकांना हे ठाऊक नसायचं. ते विचारायचे, "आप्पा, गावरान अंड्याची चव येगळी असती का हो?" मी छातीठोक सांगायचो, "लई वेगळी." सरकारी माणसानं ठाम बोललं पाहिजे.

आता तलंग म्हणजे काय ते सांगतो, कारण शहरातल्या वाचकाला कोंबडी एकदम ताटातच भेटते. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. पिल्लूपण सरलेलं आहे, कोंबडीपण यायचं आहे, असं मधलंच वय. पाच महिन्यांच्या आसपास तिचा फिका तुरा लालभडक होतो. पाठीवर हात ठेवला की पळायचं सोडून पंख किंचित पसरून खाली दबते. शेपटीखाली दोन हाडं असतात; त्यांच्यात आधी एक बोट जेमतेम मावतं. दोन मावली की आठ-पंधरा दिवस, तीन मावली की आज-उद्या. आणि मग तिला जागा शोधायचं वेड लागतं. कोपऱ्यात शिरते, बाहेर येते, पोत्यामागं डोकावते, घशातल्या घशात कुरकुरते. घर भाड्यानं बघायला आलेल्या माणसासारखी प्रत्येक ठिकाणी नाक मुरडते. ह्या दिवसांत तिला जी जागा पसंत पडेल, ती शक्यतो कायमची.

म्हणून अंड्याच्या पेट्या पहिल्या अंड्याच्या आधी दोन-तीन आठवडे लावाव्या लागतात. पेटी म्हणजे सव्वा फुटाचा लाकडी खण. गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवायचा, आत मऊ तूस घालायचं. चार-पाच कोंबड्यांना एक पुरतो. पेटी नसली तर कोंबडी भुईवर अंडं घालते. ते विष्ठेत माखतं, पायाखाली फुटतं, आणि फुटलेल्या अंड्याची चव एकदा एकीला कळली की ती इतरांना दाखवते. कोंबडीला अंडं खायची सवय लागणं म्हणजे त्या धंद्याला घरातूनच लागलेली वाळवी.

पेट्यांच्या बाबतीत मी आयुष्यभर लोकांना हसत आलो. कळंबला एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी बारा कोंबड्यांना बारा पेट्या केल्या, प्रत्येकीवर रंगानं आकडे टाकले. कोणती कोंबडी कुठल्या पेटीत, याची यादी भिंतीवर. आठ दिवसांनी मला बोलावलं. बघतो तर बाराच्या बारा कोंबड्या चार नंबरच्या पेटीपुढं रांग लावून कालवा करतायत. एक आत बसलीय, दुसरी तिच्या डोक्यावर चढलीय.

मास्तर हताश होऊन म्हणाले, "बघा की आप्पा. अकरा वर्ग रिकामे आणि चौथीची पटसंख्या बारा. ह्यांच्या बदल्या करता येतील का?"

मी त्यांना समजावलं, की कोंबडीला जिथं आधीच अंडं दिसतं तिथंच आपलं घालावंसं वाटतं. दुसरीनं घातलं म्हणजे जागा भरवशाची. म्हणून रिकाम्या पेट्यांतही एकेक खोटं अंडं ठेवायचं. लाकडाचं, प्लास्टिकचं, कशाचंही.

'कशाचंही' हा शब्द मी तेव्हा सहज बोलून गेलो, आणि एसटीत बसून कळंब सुटेपर्यंत मास्तरांवर हसत राहिलो.

हमीदाबीचं प्रकरण त्यानंतरचं. माझ्या निवृत्तीला एक पावसाळा उरला होता. गाव सास्तूरच्या जवळचं, भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. सगळ्या गल्ल्या सरळ, सगळी घरं सारखी, त्यामुळं मी दर वेळी एक गल्ली चुकायचोच. हमीदाबी चाळिशीची. नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. घरात तिची सासू, जिला सगळा गाव अम्मा म्हणायचा, आणि दीर शब्बीर, जो शेती बघायचा. बचत गटातून तिला ऐंशी पिल्लं मिळाली होती, महिन्याभराची. उन्हाळ्यात तिनं ती ओल्या पोत्यांखाली जगवली. एकही दगावलं नाही. माझ्या नोकरीत असं मी दोनदाच पाहिलं, आणि दुसऱ्या वेळी आकडा खोटा होता.

अडचण जागेची होती. कोंबड्या ज्या पत्र्याच्या शेडमध्ये होत्या ती शब्बीरची, सोयाबीन ठेवायची. शब्बीर वाईट माणूस नव्हता. आदल्या वर्षी त्याचं सोयाबीन उघड्यावर भिजून काळं पडलं होतं, आणि ते त्याच्या मनातून जात नव्हतं. माझ्यासमोर त्यानं भावजयीला सांगितलं, "भाबी, मळणीच्या दिशी मी बगायला येतो. अंडी पेटीत पायजेत. भुईवर एक बी घावलं न्हाय तर शेड तुमची, मी माझं पडवीत टाकतो. घावलं तर टेम्पोवाल्याला फोन."

टेम्पोवाला म्हणजे कापायच्या कोंबड्या नेणारा.

हमीदाबी माझ्याकडं बघून म्हणाली, "आप्पा हायेत की." ह्या तीन शब्दांचं ओझं मला त्या वेळी कळलं नाही.

मी काय केलं ते आता क्रमानं सांगतो. सुताराकडून सोळा पेट्या करून घेतल्या, दोन मजली, छान रंधा मारलेल्या. त्यांची तोंडं दाराकडं केली. का? तर फोटोत पेट्या नीट याव्यात म्हणून. वरून पत्र आलं होतं की कामाचे फोटो पाठवा. दाराकडं तोंड म्हणजे पेटीत लख्ख उजेड. अंड्यावर आलेल्या कोंबडीला अंधार लागतो हे मी शेकडो बायकांना शिकवलं होतं. पण फोटोला उजेड लागतो.

मग खोटी अंडी. वरून येणार होती, आली नाहीत. माझ्यातला कारागीर जागा झाला. कळीचा चुना, खडूची भुकटी आणि डिंक मळून गोळा केला. साचा पाहिजे म्हणून घरातल्या दोन पळ्या तोंडाला तोंड लावून त्यात दाबला. असं सुबक अंडं निघालं की कोंबडीनं लाजावं. पाच गावांसाठी चाळीस केली. ती पाटावर वाळत ठेवलेली बघून बायकोनं विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. तिनं दोन्ही पळ्या चिमट्यानं उचलून अंगणात टाकल्या.

"अगं, नुसता चुना आहे."

"आकार पडला ना त्यांच्यात? बास."

त्या पळ्या अजून गोठ्यात पेंड काढायला आहेत.

तिसरी गोष्ट. शिंपल्याचा चुरा. अंड्याचं कवच चुन्याचं असतं, त्यामुळं अंड्यावर येताना तलंगांना चुन्याची भूक लागते. तेव्हा शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवतात. मी हमीदाबीला सांगितलं होतं, पहिलं अंडं दिसेपर्यंत देऊ नका, लवकर दिला तर बाधतो. हे बरोबर आहे. फक्त एवढंच, की चुन्याला भुकेलेल्या ऐंशी तलंगांपुढं मी स्वतःच्या हातानं सोळा चुन्याची अंडी मांडून आलो.

पंधरा दिवसांनी फोन आला.

"आप्पा, तुमची अंडी सरली."

"सरली म्हणजे? चोरीला गेली?"

"खाल्ली."

"कुणी?"

"कुणी म्हंजी? म्या खाल्ली का? कोंबड्यांनी खाल्ली. आन् आता आपली खायल्यात."

लोहाऱ्याहून जीपमध्ये आठ माणसांत नववा होऊन मी गेलो. रस्ताभर स्वतःला समजावत होतो की एखादंच फुटलं असेल. शेडच्या दारात हमीदाबी उभी. तिनं नुसता हात आत केला. पेट्यांमध्ये तुसात पांढरी भुकटी. भुईवर कवचांचे तुकडे आणि ओले पिवळे डाग. आणि दाराच्या तोंडाशीच कवडी उभी.

कवडी म्हणजे तिची लाडकी कोंबडी, काळ्यावर पांढरे ठिपके असलेली. साऱ्या कळपात पहिल्यांदा तिचाच तुरा लाल झाला. पाठीवर हात ठेवल्यावर पहिल्यांदा तीच दबली, आणि पेटीत बसून पहिलं अंडंही तिनंच घातलं होतं. त्या दिवशी हमीदाबीनं मला फोन करून ते सांगितलं होतं, जणू घरात नातवंड झालं. त्या आनंदात शिंपल्याच्या चुऱ्याचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आता कवडीच्या चोचीला पिवळा बलक वाळून चिकटला होता. डोळे मात्र निरागस.

हमीदाबी म्हणाली, "आप्पा, कोंबड्या भिंतीचा चुना टोचून खात्यात, हे ल्हान लेकराला ठाव असतंय. तुमाला नव्हतं?"

"होतं."

"मग?"

"मी आकाराकडं बघत होतो."

तिनं कपाळाला हात लावला नाही, आरडाओरडा केला नाही. खाली बसून तुसातले चुन्याचे तुकडे वेचायला लागली. तिच्या शेजारी मीही बसलो. पंधरा अंड्यांचे तुकडे जुळले. सोळावं कुठंच मिळालं नाही. पार खाऊन टाकलं असणार असं म्हणून मी सोडून दिलं. "सोयाबीन पिवळं पडाया लागलंय," ती वर न बघता म्हणाली. म्हणजे दोन आठवडे, फार तर अडीच.

इथं शहाणा माणूस थांबला असता. मी थांबलो नाही. मी ऐकलं होतं की अंड्यात तिखट भरून ठेवलं की कोंबडी एकदा चोच मारते आणि जन्मात परत अंड्याच्या वाटेला जात नाही. कोण म्हणालं, कधी म्हणालं, आठवत नव्हतं. पण पटत होतं. हमीदाबीनं घरचं तिखट आणलं, डोळ्यात पाणी आणणारं. अंड्याला दाभणानं भोक पाडून आतलं काढून टाकायचं होतं. ते काम तिनं माझ्याकडं दिलं, कारण कल्पना माझी. एवढी वर्षं कोंबड्यांत काढून मी पहिल्यांदा अंड्याच्या आतल्या भागाला हात लावत होतो. तो थंड, बुळबुळीत ओघळ मनगटापर्यंत आला आणि मला आईचा आवाज ऐकू आला, मुट्टब्याड. घाम पुसायला म्हणून मी हात कपाळावर नेला, आणि त्याच हाताला तिखट होतं.

पुढची पंधरा मिनिटं मी काही पाहिलं नाही. रांजणापाशी बसून डोळ्यांवर पाणी मारत होतो. कानावर मात्र सगळं येत होतं. कोंबड्यांचा आनंदी कलकलाट, आणि त्यात हमीदाबीचा आवाज, "आप्पा, खायल्यात हो! आवडलंय बगा त्येंला!"

पक्ष्यांच्या जिभेला तिखट लागतच नाही. हे मी एका पुस्तकात नंतर वाचलं. ते आधी वाचायला हवं होतं, पण अहवाल लिहिण्यातून वेळ कुठं मिळायचा.

अम्मा उंबऱ्यावर बसून हे बघत होती. ऐंशीच्या घरातली बाई. मला मोडीत काढायचा अधिकार तिला वयानंच होता. तिनं सुनेला विचारलं, "ये सरकारी तरीका है क्या?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आप्पा, तुमी लई शिकलेले. येक सांगा. बाळंतिणीला कुणी दारात बशिवतं व्हय? येणारा-जाणारा बगतोय, वारं लागतंय. कशी बसल ती?"

मी लाल डोळ्यांनी म्हणालो, "फोटो काढायचा होता."

"काडला का?"

"काढला."

"मग आता फिरवा की."

आम्ही पेट्या फिरवल्या. तोंडं आतल्या भिंतीकडं केली, मध्ये कोंबडी जाईल एवढी वाट ठेवली. पेट्यांच्या तोंडावर जुनी पोती चिरून पडदे लावले. आत इतका काळोख, की मला हात घालून चाचपावं लागलं. शिंपल्याचा चुरा दोन पसरट भांड्यांत ठेवला, आणि तलंगा त्यावर अशा पडल्या की मला मान खाली घालावी लागली. आता पेटीत ठेवायला काय? हमीदाबी मला गावाबाहेरच्या ओढ्यावर घेऊन गेली. पाण्यानं गुळगुळीत झालेले अंड्याएवढे गोटे आम्ही वेचले. ऊन लागत होतं, कंबर वाकत नव्हती, तरी मी एक-एक गोटा हातात घेऊन आकार तपासत होतो. सवय जात नाही.

"चांगले पांढरे दिसायला ह्यांना थोडा चुना लावू का?" मी विचारलं.

ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. मी गोटे पिशवीत टाकले.

गोटे काम करतात, कारण अंडं समजून चोच मारली की ठणकन लागतं. चार वेळा लागलं की कोंबडी ठरवते, अंडं म्हणजे खायची वस्तू नव्हे. पण सगळ्याच असं ठरवत नाहीत. आणि भुईवर घालायची सवय लागलेल्यांचं काय? तिथं एकच उपाय आहे आणि तो पुस्तकात एका ओळीत असतो: भुईवर बसलेली तलंग उचलून पेटीत ठेवावी. ही एक ओळ करून बघा. कोपऱ्यात बसलेली उचलायची, पेटीत ठेवायची, पडदा सोडायचा. ती उतरून परत कोपऱ्यात. परत उचलायची. तोवर दुसरी पाण्याच्या ड्रमामागं बसलेली असते. कोपऱ्यांत बाभळीच्या फांद्या टाकायच्या, पडलेलं अंडं लगेच उचलायचं, आणि हे सकाळपासून दुपार कलेपर्यंत. मी दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी मला आमच्या घरात कॉटवरून उठवायला दोन माणसं लागली. हमीदाबीनं बारा दिवस केलं. स्वयंपाक अम्माकडं, आणि ही शेडमध्ये, वाकलेली. मी दिवसाआड जायचो आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसून सल्ला द्यायचो. सल्ला द्यायला कंबर लागत नाही.

मधल्या दिवसांत मी इतर चार गावांत वाटलेली चुन्याची अंडी गोळा करत हिंडलो. एका ठिकाणी पोरं त्यांनी गोट्या खेळत होती, एका ठिकाणी ती देवळीत नीट मांडून ठेवली होती, सरकारी वस्तू म्हणून. दोन गावांत माझा सल्ला कुणी मानलाच नव्हता, त्यामुळं कोंबड्या सुखरूप होत्या. इतकं समाधान मला नोकरीत क्वचित मिळालं.

दहाव्या दिवशी हमीदाबी म्हणाली, "आप्पा, सात काय ऐकंनात. बाकीच्या सुदारल्या."

सात कोंबड्या. गोट्यावर चोच मारून झाली की शेजारचं खरं अंडं त्या ओळखायला शिकल्या होत्या. हुशार निघाल्या, हाच त्यांचा गुन्हा. त्या राहिल्या तर बाकीच्यांना परत शिकवतील. त्या सातांत पहिली होती कवडी.

"हिला राहू द्या," मी म्हणालो. "वेगळी बांधा."

"आन् मळणीच्या दिशी सुटली म्हंजी?"

हमीदाबीनं बाकीच्या सहा धरल्या. कवडीजवळ ती गेली आणि तशीच परत आली, पदरानं हात पुसत. मग मी उठलो. पाठीवर हात ठेवल्यावर कवडी दबली, नेहमीसारखी, पंख थोडे पसरून. तलंग अंड्यावर आल्याची ही खूण मी साऱ्या तालुक्याला शिकवली होती. तिला उचलून मी बांबूच्या डालग्याखाली ठेवलं आणि वरून दगड ठेवला. डालगं आतून दोनदा हललं, मग स्तब्ध झालं.

टेम्पोवाल्याला त्यांनी सहाच दिल्या. कवडी घरीच शिजली. अम्मानं मला आग्रहानं बसवलं. मला भाकरी, ठेचा आणि दही वाढलं. माझं अन्न कसं असतं हे त्या घराला एव्हाना माहीत झालं होतं. हमीदाबीनं रस्सा घेतला, फोड घेतली नाही. माझ्या ताटात कवडी नव्हती. पण त्या घरात तिला सर्वांत जास्त मीच खाल्लं, असं मला वाटत राहिलं. अजून वाटतं. ठेचा तिखट होता, त्यामुळं डोळ्यांचं निभावून गेलं.

मळणीच्या दिवशी मी सकाळीच पोचलो. शब्बीरचा ट्रॅक्टर दारात उभा, ट्रॉलीत सोयाबीनची पोती, वर चालक पाय सोडून बसलेला. आभाळ भरून आलं होतं, त्यामुळं शब्बीर घाईत. हातात काठी घेऊन तो शेडमध्ये शिरला. मागं हमीदाबी, तिच्या मागं मी. अम्मा उंबऱ्यावर.

आत शांतता होती. पडद्यांमागून तेवढी कुरकुर ऐकू येत होती, समाधानाची. हमीदाबीनं एक पडदा उचलून दाखवला. तुसात तीन अंडी आणि एक गोटा. दुसरा उचलला, तिथं कोंबडी बसली होती, तिनं शब्बीरकडं असं बघितलं की त्यानं स्वतःच पडदा सोडला. पण तो अंडी बघायला आलाच नव्हता. तो भुई बघायला आला होता. काठीनं त्यानं तूस उकरायला सुरुवात केली. एक कोपरा झाला, दुसरा झाला, बाभळीच्या फांद्यांखालची जागा झाली. काहीही नाही. हमीदाबीनं धरलेला श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

शब्बीरनं पाण्याचा ड्रम बाजूला सारला. त्याच्या मागच्या तुसात काठी घातली, आणि एक पांढरंशुभ्र अंडं गडगडत शेडच्या मधोमध येऊन थांबलं.

हमीदाबीनं पदराचं टोक तोंडात धरलं. बारा दिवस वाकलेली ती बाई तेवढ्या वेळात आणखी वाकल्यासारखी मला दिसली.

"भाबी," शब्बीर हळू म्हणाला, "एक बी नको म्हणलो हुतो."

मी त्या अंड्याकडं बघत होतो. इतकं सुबक अंडं कुठलीही कोंबडी घालत नाही.

"ते कोंबडीचं नाही," मी म्हणालो. "ते माझं आहे."

शब्बीरनं माझ्याकडं बघितलं. मग वाकून ते उचललं, हातात तोललं, नखानं खरवडलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. ड्रमामागं गडगडून तुसाखाली गेलेलं ते सोळावं होतं. ऐंशी चोचींतून वाचलेलं एकटंच. त्यानं ते परत बघितलं, परत मला बघितलं, आणि त्याच्या मिश्या हलायला लागल्या. दाराकडं तोंड करून तो ओरडला, "गाडी फिरव रं! पोती पडवीत टाक, बिगीनं, पाऊस यायलाय!"

हमीदाबी तिथंच तुसात खाली बसली. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

उंबऱ्यावरनं अम्मानं विचारलं, "काय घावलं रे, शब्बीर?"

"अंडं, अम्मा."

"कुणाचं?"

"आप्पाचं."

अम्मा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आप्पा, समद्या कोंबड्या पेटीत घालाया शिकल्या. तुमी अजून भुईवरच घालता व्हय?"